झाकलेली पाटी

आई, आज रेवदंड्याच्या बाजारात तुझं एक बोलणं असं काही आठवलं, की पैसे देऊन मासळी तिथेच विसरले. अजून जीव थाऱ्यावर नाही. तेव्हा दहा वर्षांची मी, कोळणीने पुढे मांडलेल्या बांगड्यांतले ताजे कुठले ते निरखत बसले होते. तू दंडाला धरून उठवलंस. "मांडलंय ते तिला खपवायचंय. झाकलेल्या पाटीत काय आहे, ते आधी विचार." कोळणीने ओलं फडकं सारलं, आत ठरलेल्या गिऱ्हाइकासाठी ठेवलेली चकचकीत पापलेटं. "तुजी आय लय खट हाय, बाय," ती मला म्हणाली, आणि हसत दोन काढून दिली.

गेले पंधरा दिवस तुझा धाकटा आपल्या चौलच्या वाडीसाठी दोन गिऱ्हाइकं माझ्यापुढे मांडतो आहे. एकाला बंगले बांधायचेत, दुसऱ्याला पर्यटकांसाठी खोल्या. उद्या सही. जन्मभर वर्गावर डोळे वटारणारी मी, कागदावर दोघांचे गुणदोष लिहीत बसले. पोफळी तुटणार, हे दोन्हीकडे सारखंच, म्हणून मी ते चक्क खोडून टाकलं होतं. आज कोळणीने फडकं उचललं आणि मला शेजारची सून आठवली. गेल्या दिवाळीत ओट्याशी उभं राहून तिने वाडी विकत नाही, वर्षाच्या खंडाने कसायला मागितली होती. सुपारीची रोपं करून विकायची म्हणत होती. मी "बघू" म्हटलं, म्हणजे ऐकलंच नाही. आपल्याकडे झावळ्या ओढायला येणारी बाई, तिला गिऱ्हाईक कोण म्हणणार?

तडक तिच्या दारात गेले. "लय वाट बघायला लावलीत, काकू," एवढंच म्हणाली, आणि पदर खोचून माझ्याआधी वाडीत शिरली. धाकटा फोनवर तापला, "सही तुझ्या एकटीची नाही, ताई," म्हणाला. माझ्यावाचूनही होत नाही, म्हटलं. आत्ता ती झाडं मोजते आहे, तिचा आवाज इथवर येतो, आणि मला खुर्चीत बसवत नाही.

मॅट्रिकनंतर काकांनी दोन स्थळं मांडली होती, पेणचं आणि रोह्याचं. कुठलं, एवढंच मला विचारत होते. तू हात पुसत बाहेर आलीस आणि अलिबागच्या कॉलेजचा फॉर्म कुठे मिळतो, ते विचारलंस. पुढे प्रत्येक वर्गाला मी सांगत आले, कॉलेज मी भांडून मिळवलं. हे तुला पोचायचं नाही, म्हणून लिहिते. मी मनातून रोह्याचा पसंत केला होता.