घर आणि रूम

बुधवार, संध्याकाळ

कुकर लावलाय, तेवढ्यात लिहून घेते.

पल्लवीला शाळेतून जवळच्या अर्थाचे शब्द दिलेत, फरक दाखवून वाक्यं करायची. 'घर' आणि 'रूम' ही जोडी तिने आपल्या मनाने घातली. लिहिलं, 'रूमवर आपण राहतो. घरी आपण दिवाळीला जातो.' मी म्हटलं, बरोबर आहे. चुकलं काय त्यात? गाव सोडून कामासाठी बमरोलीत आलो त्याला चौदा वर्षं झाली, इथली सगळी खानदेशी माणसं असंच बोलतात. पोरं इथे जन्मली तरी रूम ती रूमच. घर म्हणजे गावाकडचं. त्याची चावी देवाच्या फळीजवळ खिळ्याला असते.

आणि आज सकाळी मोठ्या दिरांचा फोन आला. घराचा सौदा झाला, चावी धाडून द्या, नाहीतर घेणारे कुलूप तोडतील. हे म्हणाले, "तोडू दे, अप्पा." मग डबा घेऊन कारखान्यावर गेले. मी कामाला आणलेल्या साड्यांचे सुटे धागे कापत बसले. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. चार साड्या झाल्या. मधेच उठून चावी पुसली आणि परत खिळ्याला लावली. कशासाठी, माहीत नाही.

आत्ता हे आले. दारात चप्पल काढताना फोन वाजला. कारखान्यातला सोबती विचारत होता, कुठे पोचलास.

हे म्हणाले, "घरी."

पल्लवीने माझ्याकडे पाहिलं. मग हळूच खोडरबर उचललं.