साजटोल्याची हरकत

३० मार्च १९५७, गडचिरोली
नवा हुकूम आला. धरण, खाण, सडक, कशाचीही फाइल आता टेबलाटेबलाने फिरणार नाही. पंधरा दिवस गावात नोटीस, मग सगळ्या खात्यांचे साहेब एका मांडवात बसून एका दिवसात सह्या करणार. मुदतीत हरकत आली नाही तर गाव राजी, असं धरायचं. आमची पहिली फाइल धरणाची. बुडणार एकटा साजटोला, पाणी मिळणार खालच्या धानाच्या गावांना. सौ.चं माहेर त्या खालच्या गावांतच. नोटिशीच्या तारखा तुम्हीच घाला, असं साहेब म्हणाले. उद्यापासूनच्या घातल्या.

१ एप्रिल
कोतवाल रामा साजटोल्याहून परतला. दवंडी दिली, नोटीस खांबाला चिकटवली. गावात माणूस नाही. मोहफुलं गळायला लागली की हे लोक पोराबाळांसकट जंगलात आपापल्या झाडांखाली जाऊन राहतात. इतकी वर्षं या तालुक्यात काढली, मला ठाऊक नाही असं नाही. तारखा घालताना आठवलं नाही. की आठवलं होतं...
मग दवंडी ऐकली कुणी, म्हणून रामाला विचारलं.
"कोंबड्या होत्या ना, बाबूजी."
दोघंही हसलो. पंच म्हणून वाटेवरचे दोन गाडीवान धरून अंगठे घेतले, म्हणाला. कागद बरोबर आहे.

१५ एप्रिल
काल मुदत संपली. लिहिलं: 'दवंडी रीतसर दिली. हरकत नाही.' साहेबांची सही. जेवलो, झोपलो. काही वाटलं नाही.

१९ एप्रिल
साजटोल्याचा चैतू भुमिया आला. गावाचा पुजारी, गावाच्या वतीने बोलणाराही तोच. दोन दिवस चालून आलाय. मुदत गेली, असं सांगितलं.
"कागद लागला तवा आमी मोहावर होतो. आमाले कोनी नाई सांगतलं."
नियम सांगितला. ऐकून घेतला त्याने.
"मंग आता लिवून घ्या. मी इथीच बसतो."
आणि व्हरांड्यात बसला.

२१ एप्रिल
बसलाच आहे. तक्रार नाही, गाऱ्हाणं नाही. साहेब त्याला वळसा घालून आत जातात. घरी सौ.ला सांगितलं. वाटलं, भावाच्या धानाच्या बांध्यांची बाजू घेईल.
"भावाले पानी पायजे, ते खरं हाय. पन त्या बुढ्याले जेवाले कोन देऊन राह्यलं?"
मग उद्याच्या डब्यात दोन माणसांच्या भाकरी ठेवते म्हणाली. मला राग यायला हवा होता किंवा लाज वाटायला हवी होती. दोन्ही नाही.

२२ एप्रिल
अर्ज शेवटी मीच लिहिला. चैतू सांगत गेला: देवाची जागा कुठे, शेतं कुठवर, कोणतं मोहाचं झाड कुणाच्या घरचं. झाडांची नावानिशी यादी संपेना. आटोपतं घ्या म्हणालो तर गप्प झाला, म्हणून पुन्हा सांगायला लावलं. अंगठा घेतला. तारीख घातली १० एप्रिल. आवक रजिस्टरात त्या दिवसाच्या ओळी भरलेल्या, तेव्हा दोन ओळींच्या मधे बारीक अक्षरात, नंबराला 'अ' लावून चढवला. सापडलं तर नोकरी गेली. 'हरकत नाही'चा कागद मात्र काढला नाही, त्यावर साहेबांची सही आहे. दोन्ही फाइलीतच.

२५ एप्रिल
मांडव झाला. फाइल या टोकाकडून त्या टोकाकडे. पानं मी उलटत होतो, साहेब लोक सह्या करत होते. गावाची हरकत नाही: सही. साजटोल्याची हरकत: सही. दोन्ही माझ्याच अक्षरात, कुणी मान वर केली नाही. मी थांबवू शकलो असतो. एवढंच म्हणायचं होतं, साहेब, हे वाचा. पान उलटलं. जेवणाआधी मंजुरी. साहेबांनी पाठ थोपटली. फाइल संध्याकाळच्या जीपने चांद्याला, तिथून मुंबईला.

५ जून
चैतू पुन्हा आला. मोजणीवाले त्याच्या शेतात खुंट्या ठोकून गेलेत. या वेळी काही लपवलं नाही. मंजुरी झाली, 'हरकत नाही'चा कागद आणि तुमची हरकत दोन्ही फाइलीत आहेत, दोन्हींवर सह्या आहेत, असं सांगितलं. मुंबईत फाइल कुणी उघडून वाचेल का, आणि कधी, मला माहीत नाही, हेही सांगितलं.
"ते जाऊ द्या, बाबूजी. औंदा धान पेरू का नको, तेवढं सांगा."
पेरणीचा दिवस साऱ्या गावाला तो सांगतो. तो मला विचारत होता.
पेरा, म्हणालो. मान हलवून गेला. गावाला जाऊन तेच सांगेल.