भरलेली टाकी

आये,

तुला जाऊन चौदा वर्षं झाली आणि अक्षरओळख तर तुला कधीच नव्हती. तेव्हा हे पत्र टाकायचं कुठल्या पेटीत आणि वाचायचं कोणी, हा प्रश्नच नाही. पण गेल्या रविवारी तुझ्या नातीनं एक गोष्ट विचारली, मी तिला नेहमीचं उत्तर दिलं, आणि तेव्हापासून ते उत्तर माझ्याच घशाखाली उतरत नाही. ती कल्याणला नर्सिंग शिकते. छातीच्या आजारांचा धडा वाचता वाचता म्हणाली, "बाबा, घरात गॅस होता तर आजी चुलीवर का रांधायची?" मी म्हटलं, "तुझ्या आजीला साठवायची भारी खोड. भरलेली टाकी तशीच जपून ठेवली तिनं." चौदा वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत आलोय.

आणि ते अगदी खोटंही नाही. तुझ्याइतकं साठवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. कणगीत भात, बियाणं वेगळं राखून ठेवलेलं, मडक्यात सुकट, पडवीत छपराला टेकलेली लाकडं. बाजारातून आलेली दोरीसुद्धा तू गुंडाळून फळीवर टाकायचीस. माघ लागला की शेण, पातेरा, झाडांचे टहाळे जमवायला सुरुवात. ते सगळं शेतात थरावर थर पसरायचं, वर माती लावायची आणि पुढं एका दिवशी भाताच्या रोपासाठी राब म्हणून पेटवून द्यायचं. मी विचारायचो, एवढं जमवून जाळतेस कशाला? तू तोंडाला पदर लावून धुरात उभी असायचीस. "रोप काय तुज्या पुस्तकावर वाढतंय? राब भाजल्याबिगर जोर येत नाय रे त्याला," म्हणायचीस आणि खोकायचीस. तो खोकला आम्हाला इतका ओळखीचा होता की तो ऐकू आला म्हणजे आई घरात आहे असं समजायचं. पुढे मला भातसानगरला धरणावर नोकरी लागली, तर तिथंही काम साठ्याचंच. रोज सकाळी पट्टीवर पाण्याची पातळी बघायची आणि वहीत लिहायची. आमचे जुने साहेब सांगायचे, पट्टीवर पाणी दिसतं, तळाशी बसलेला गाळ दिसत नाही, तो वेगळा मोजावा लागतो. मी मान डोलवायचो आणि चहाला जायचो.

नोकरीत कायम झालो त्या वर्षी तुझ्यासाठी गॅस घेतला. टाकी मोटारसायकलला बांधून किन्हवली, सरळगाव करत घरी आणली. आपल्या आळीतला तो पहिला गॅस. तू शेगडीला हळदकुंकू लावलंस, शेजारणींना बोलावून दाखवलंस. नंतर कधीही आलो तरी शेगडी लख्ख पुसलेली असायची. "वापरतेस ना गो?" विचारलं की "व्हय रे, वापरते ना," म्हणायचीस. मग खोकला वाढला तेव्हा शहापूरला तुझ्या छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला आणि म्हणाले, वर्षानुवर्षांचा धूर साचलाय, घरी चूल आहे का? मी ऐटीत सांगितलं, "नाही, गॅस आहे." तू खाली फरशीकडे बघत राहिलीस.

घरी पोचल्यावर मी आधी टाकी उचलून पाहिली. जड होती. शेजारीण दारात उभी होती, तिच्यासमोरच तुझ्यावर ओरडलो, की मी काय शोभेला आणून दिली होती का ही. "भरलेली आसली म्हंजे बरं वाटतं रे. पावना आला तर आडत नाय," एवढंच म्हणालीस. शेजारीण म्हणाली, म्हातारीचा जुना सभाव, जायाचा नाय. मीही तेच धरून बसलो. त्यानंतर तू दोनच पावसाळे काढलेस.

आता खरं काय ते लिहितो. गॅस आणला त्या पहिल्या संध्याकाळी तू त्याच्यावर नाचणीची भाकरी केलीस. ज्योत कमीजास्त करताना तुझा हात बिचकत होता, पण चेहरा असा खुलला होता की काय सांगू. मी अर्धी भाकरी खाल्ली आणि ताटात ठेवून म्हणालो, "हिला चवच नाय गो आये. चुलीवरची ती चुलीवरची." तू हसलीस. दुसऱ्या सकाळी मला जाग आली ती धुरानं. मी चुलीपुढं पाट घेऊन बसलो, तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि चार बांधून धरणावरच्या कॉलनीत नेल्या. पुढं प्रत्येक खेपेला नेत राहिलो. टाकी भरलेली का राहते, हे त्या फोटोच्या आधीपासून मला ठाऊक होतं. पोरीला हे मी अजून सांगितलेलं नाही.