दोन वाळव्या आणि सिद्रामप्पांची हुग्गी

बेंबळी, श्रावण वद्य पंचमी

तीर्थरूप कल्याणप्पा मामा व मामी यांना महादेवीचं शरणार्थ. आम्ही सगळे बरे आहोत. मामींचा गुडघा कसा आहे? (मागच्या पत्रात विचारायचं राहिलं, म्हणून पुन्हा विचारते: कसा आहे?)

परंड्याला तुमच्या घरी राहून शिकले ती चार वर्षं सारखी आठवतात, अगदी तिथल्या वाळवीसकट. तुमची लिंगपूजा चाललेली, मामी भाकरी थापतायत, आणि मी पाढे म्हणत पाटीवरच्या पेन्सिलीनं भिंतीवरची वाळवीची मातीची नळी फोडतेय. शाळेतून येईपर्यंत ती पुन्हा बांधलेली असायची. तिनं माझं भूगोलाचं पुस्तक खाल्लं तेव्हा मी रडले, तर तुम्ही म्हणालात, "रडू नको गं. घरात दोघी शिकत्यात, एवढंच."

तुम्ही पुस्तकांसाठी दिलेल्या इथल्या फडताळातली वाळवी निराळी. माती नाही, नळी नाही. तिच्याशी ओळखच होत नाही. लाकडाच्या आत राहते आणि बारीक भोकातून दाणे बाहेर टाकते. (ती तिची विष्ठा. लिहायला संकोच वाटतो, पण दुसरं काही लिहिलं तर खोटं होईल.) दिसायला हुबेहूब खसखस. आणि आईनं खालच्या कप्प्यात खसखशीचाच डबा ठेवलेला. सोमवारी सिद्रामप्पा मुलाला घेऊन मला बघायला आले. आईला डब्याशेजारी मूठभर खसखस सांडलेली दिसली. तिनं ती गोळा केली, भाजली आणि गव्हाच्या गोड हुग्गीत घातली.

सिद्रामप्पांनी दोनदा मागून घेतली. "खसखस लई खमंग हाय बगा, उमाबाई," असं आईला म्हणाले, आणि पोरगी पसंत असल्याचंही तिथंच सांगून गेले. संध्याकाळी बघते तर डबा गच्च भरलेला. मग बाबांचा चष्मा लावून दाणे तपासले. खसखशीचा वाकडा, वाळवीचा सहा कडांचा. आईला सांगितलं तर म्हणाली, "गप बस. कुणी मेलं न्हाय न्हवं?"

मामा, असं लपवून संसार कसा मांडू?

तुमची,
महादेवी

ता. क. सुपारी फुटायच्या आत तुम्ही सिद्रामप्पांना खरं सांगावं. थोडक्यात सांगू नये. दाण्यांची पुडी सोबत आहे.

ता. क. त्यांनी नकार दिलाच, तर मिडल शाळेच्या इम्तहानचा अर्ज मी भरून ठेवलाय. सही तेवढी हवी.

ता. क. एक लिहायचं टाळलं होतं. मुलानं हुग्गी खाल्ली नाही. एक दाणा बोटावर घेऊन त्यानं फडताळाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि गप्प राहिला. तेव्हा पुडी राहू द्या. सही मात्र करा, आणि लग्नानंतर इम्तहान दिलेलं चालेल का, एवढं त्याला विचारा.