सह्या पिनांगला, सौदे मेदानला

जॉर्जटाउन, पिनांग
सोमवार, ७ एप्रिल

प्रिय बून तेकदादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. इथे सगळे बरे आहोत. काल पितरांच्या सणासाठी आजोबांच्या थडग्यावर जाऊन आलो. गवत गुडघाभर वाढलं होतं, ते धाकट्याने कापलं. आईने नैवेद्याला पोपियाहच्या गुंडाळ्या मांडल्या, तुझ्या वाटच्या उदबत्त्या मी लावल्या. आई म्हणाली, "मेदान काय चंद्रावर आहे? विमानात बसला की जेवायच्या आत इथे." मी म्हटलं, पाम तेलाच्या गिरण्या सणवार बघून बिघडत नाहीत.

हे काल फोनवरही तुला सांगितलं. ज्यासाठी फोन केला होता, ते राहिलंच. ऑफिसातली मेई चिन उद्या माहेरी मेदानला येते आहे, तिच्या हाती हे पत्र देते.

गुरुवारी तुला तिथल्या कर कार्यालयात बोलावलं आहे. का, ते कुणी तुला नीट सांगितलं नसेल. गिरण्यांचे सुटे भाग विकणारी आपली कंपनी पिनांगची, तुमच्या देशाच्या लेखी परदेशी; नफ्यावरचा कर इथे भरते. पण परदेशी कंपनीच्या वतीने तिकडे कायम सौदे पक्के करणारा माणूस असेल, तर त्या धंद्याच्या नफ्यावरचा कर तिकडेही द्यावा लागतो. तो माणूस नुसते नमुने दाखवत असेल, निरोप पोचवत असेल, तर नाही. म्हणजे सगळं येऊन ठेपलं ते तू काय करतोस यावर.

कर कार्यालयाचं विचारणापत्र आलं तेव्हा ऊई साहेब म्हणाले, "सह्या पिनांगला होतात. मेदानला नुसती कॉफी होते. लिही तसं." मी लिहिलं. बून तेक यांना दर ठरवण्याचा अधिकार नाही, ते फक्त निरोप पोचवतात. हिशेब विभागाची प्रमुख म्हणून खाली सही माझी. तुझ्या नेमणूकपत्रात तसंच आहे, मग खोटं काय, असं स्वतःला समजावत राहिले.

पण मला माहीत आहे ना. गिरणीचा तेल गाळायचा प्रेस बंद पडला की मालक पिनांगला फोन करत नाही, तुला करतो. तू तिथेच, तेलाने निसरड्या झालेल्या जमिनीवर उभा राहून दर ठरवतोस, घरामागच्या खोलीतून सुटा भाग काढून देतोस. गिरणी सुरू होते. करार इथे मागाहून निघतो आणि साहेब न वाचता सही करतात. नववर्षाच्या जेवणात साहेब स्वतःच म्हणाले होते, "मेदानमध्ये कंपनी म्हणजे बून तेक." सगळ्यांनी पेले उंचावले. मीही.

परवा त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "लाय किम, तुझाच भाऊ आहे. कळव त्याला, उत्तरात आहे तेवढंच बोलायचं."

"आणि पुढे खोटं ठरलं तर?"

"तर काय? आपण इथे आहोत."

ते मला धीर देत होते. मला मात्र तेव्हाच कळलं, की आपण इथे आहोत आणि तू तिथे आहेस. खोट्या जबाबाखाली सही तुझी असेल, आणि हाक मारली की हजर व्हावं लागेल तेही तुलाच.

दादा, तसं बोलू नकोस.

खरं सांगितलंस तर साहेब मेदानचं काम तुझ्याकडून काढून तिथल्या एखाद्या दुकानदाराला देतील, हे मला दिसतं आहे. तुझी मुलगी अजून शिकते आहे, हेही. तुझ्या नोकरीच्या बदल्यात मी माझं मन हलकं करून घेते आहे का? विचारलं स्वतःला.

आज सकाळी साहेबांना सांगितलं, ते उत्तर मला मागे घ्यायचं आहे, खरं सांगणारं दुसरं लिहून ठेवलं आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "भावाला विचारलंस?"

नव्हतं विचारलं. पहिलं उत्तर लिहितानाही नाही आणि दुसरं लिहितानाही नाही. दोन्ही वेळा तू काय आहेस ते मीच ठरवलं.

म्हणून दुसरं अजून दिलेलं नाही. बुधवारी संध्याकाळी ते घेऊन येते. तू वाच, हवं ते खोड, वाटलं तर फाड. माझी पहिली सही मात्र गुरुवारी तुझ्या शेजारी बसून मीच मागे घेईन. तुझ्याबद्दल काय सांगायचं, ते तू सांग.

वहिनीला म्हणावं, जेवायला थांबू नका. तुझ्याशी बोलणं होईपर्यंत मला तुमच्या ताटावर बसवणार नाही.

तुला न विचारता तुझ्याबद्दल लिहिणारी,
लाय किम