बहिणीच्या केसांचा ताबा मिळण्याबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
प्रवासी सामान विभाग,
विमान कंपनीचे मुख्य कार्यालय.

विषय : हरवलेल्या बॅगेची मंजूर झालेली भरपाई परत करणे आणि बॅगेतील वस्तूची विल्हेवाट थांबवून ती ताब्यात मिळणे.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे भरपाई मंजुरीचे पत्र, त्यासोबतचा धनादेश आणि त्याआधीचे माझे सर्व अर्ज.

महोदय,

वरील विषयाबाबत खाली सही करणार मी, व्यवसायाने नाट्यगृहातील टोप बनवणारी, आपणांस नम्रपणे कळवते की आपण मंजूर केलेली भरपाई मला मान्य नाही. रक्कम कमी आहे अशी माझी तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे. आधीच्या अर्जांत ती नीट मांडता आली नाही, म्हणून सगळी हकिगत पहिल्यापासून लिहीत आहे.

१. माझी धाकटी बहीण दुसऱ्या शहरात शाळेत शिकवते. तिच्याकडे सर्वांत लहान मुलांचा वर्ग आहे. तिची वेणी कमरेच्या खाली येत असे, त्यामुळे मुलांना तिचे नाव ठाऊक नाही; ती तिला 'वेणीच्या बाई' म्हणतात. मागील वर्षी ती आजारी पडली. उपचारांत केस जातील असे डॉक्टरांनी आधीच सांगितले. तेव्हा तिने मला बोलावून घेतले. गळून उशीवर पडण्यापेक्षा ते आपणच कापावेत आणि दुसऱ्या कोणी हात लावू नये, असे तिचे म्हणणे होते. मी तिची वेणी घातली, वर व खाली दोरा बांधला आणि कात्री चालवली. आजवर राजांचे, म्हाताऱ्यांचे आणि चेटकिणींचे केस मी बेधडक कापले आहेत. त्या दिवशी कात्री दोनदा खाली ठेवावी लागली.

२. ते केस मी घरी आणले आणि त्यांचा टोप बनवायला घेतला. या कामात बारीक जाळीवर आकडीने एकेक केस ओवून गाठ मारावी लागते. रंगपटातले काम आटोपले की मी तेच करत बसे. भांग तिच्या सवयीप्रमाणे किंचित डावीकडे ठेवला. सुट्टी संपून शाळा उघडेल त्या दिवशी ती वेणी घालून वर्गात जाणार, असे आमचे ठरले होते.

३. त्यासाठी मी आपल्या विमानाने निघाले. टोप लाकडी डोक्यावर चढवून, कापडात गुंडाळून लहान निळ्या बॅगेत ठेवला होता आणि बॅग माझ्या हातात होती. विमानाच्या दाराशी आपल्या कर्मचारी बाईंनी वर जागा उरली नाही असे सांगून ती मागितली. आत नाजूक वस्तू आहे, मी मांडीवर धरून बसते, असे मी विनवले. त्यांनी हसून बॅगेला चिठ्ठी बांधली आणि म्हणाल्या, "काळजी करू नका, तुमच्याआधी पोचेल." उतरल्यावर मी पट्ट्याशी उभी राहिले. सर्वांच्या बॅगा आल्या, लोक गेले, पट्टा थांबला.

४. तक्रारीच्या खिडकीवरील गृहस्थांनी काय हरवले असे विचारले. मी म्हटले, केस. त्यांनी केसचा नंबर मागितला. नंबर नाही, डोक्यावरचे केस, असे सांगितल्यावर त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिले. मग मी टोप हा शब्द वापरला. त्यांनी तो लिहून घेतला. आपल्या नोंदीत माझी वस्तू 'स्वयंपाकाचे भांडे, एक' अशी गेली ती यामुळे. पुढे मी दुरुस्ती मागितली तेव्हा 'स्वयंपाकाचे भांडे, एक, केसांसह' अशी दुरुस्ती झाली. त्या गृहस्थांचा दोष नाही. शब्दच तसा आहे. परंतु त्यानंतर बरेच दिवस आपले लोक गोदामांतून पातेले शोधत होते, हे आपल्या निदर्शनास आणून देणे भाग आहे.

५. मी रिकाम्या हाताने बहिणीच्या दारात उभी राहिले. तिने आधी माझ्या हातांकडे पाहिले आणि मग तोंडाकडे.  शाळा उघडली, पण ती गेली नाही. मी तिच्याकडेच राहिले आणि रोज विमानतळावर जात असे. घरी असले की मला एका जागी बसवत नसे. बहिणीच्या घरातली सगळी कपाटे मी आवरली, आवरलेली पुन्हा उपसली. फोन वाजला की धावत सुटे. शेवटी मेहुणे म्हणाले, "ताई, जरा टेका. तुमच्याकडे बघून मला धाप लागते." एके दुपारी आपला माणूस निळी बॅग घेऊन आला. बहीण डोक्याला काही न बांधताच दारापर्यंत धावली. आजारपणानंतर ती अशी बाहेर आलेली मी प्रथमच पाहिली. बॅग उघडली तर आत चामड्याचे बूट होते, नमुन्याचे, प्रत्येक जातीचा एकेक आणि सगळे डाव्या पायाचे. आम्ही दोघी जमिनीवर बसून पाहत राहिलो. मग बहीण हसू लागली ती थांबेचना. ती बॅग त्याच दिवशी परत केली, त्याची पोच माझ्याकडे आहे.

६. त्यानंतरच्या सोमवारी बहीण डोक्याला रुमाल बांधून शाळेत गेली. वर्गातील एका मुलीने विचारले, "बाई, वेणी कुठे गेली?" बहीण म्हणाली, "विमानात राहिली." मुलांना ते पूर्ण पटले. मुले रोज सकाळी चौकशी करू लागली, आली का म्हणून. माझ्या अर्जांची एवढी नियमित दखल आजवर अन्य कोणी घेतलेली नाही.

७. पुढे आपल्याकडून कळले की बॅग भलत्याच विमानतळाच्या गोदामात सापडली आहे. मी ताबडतोब निघण्याच्या तयारीत होते. तेवढ्यात दुसरे पत्र आले. तपासणीत बॅग उघडली असता आत केस असलेले डोके दिसल्याने कर्मचारी घाबरला आणि वस्तूची नोंद 'मानवी अवशेष' अशी करण्यात आली, म्हणून संबंधित व्यक्तीच्या मृत्यूचा दाखला जोडावा, असे त्यात म्हटले होते. डोके लाकडाचे आहे आणि व्यक्ती जिवंत आहे, असे मी कळवले. तेव्हा हयातीचा दाखला मागितला. बहिणीने तो आणून दिला. ती म्हणाली की एवढ्या तपासण्या झाल्या, पण 'जिवंत आहे' असे एका ओळीत शिक्का मारून कोणी दिले नव्हते. मी दाखला पाठवला. उत्तर आले की सोबतच्या ओळखपत्रावरील छायाचित्र आणि सध्याचे छायाचित्र यांत साम्य आढळत नाही.

८. म्हणून आम्ही दोघी आपल्या स्थानिक कार्यालयात समक्ष हजर झालो. तेथील कारकून बाईंनी ओळखपत्र हातात घेतले. त्यात बहिणीची वेणी खांद्यावरून पुढे आलेली आहे. त्या एकदा फोटोकडे आणि एकदा बहिणीकडे पाहू लागल्या. बहिणीने रुमाल सोडला. "फरक आहे तो त्या बॅगेत आहे," ती म्हणाली. "ती आणा, मग जुळवून बघा." कारकून बाई उठल्या, पाणी आणून दिले आणि हळू आवाजात म्हणाल्या की वरून लेखी आल्याशिवाय त्यांना काही करता येत नाही. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. त्यांनी बहिणीला बाहेरच्या दारापर्यंत सोडले.

९. आता आपले संदर्भाधीन पत्र. बॅग मुदतीत सोडवून घेतली गेली नाही म्हणून ती हरवली असे मानून, नियमाप्रमाणे वजनावर भरपाई मंजूर केल्याचे आपण कळवले आहे. केसांना वजन नसते, त्यामुळे आपण मुख्यतः लाकडी डोक्याची भरपाई दिली आहे. तेही मी मान्य केले असते. परंतु धनादेशासोबतच्या पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत असे आहे की सही करताच वस्तूवरील हक्क कंपनीकडे जाईल आणि महिनाअखेरीस तिची विल्हेवाट लावली जाईल. विल्हेवाट म्हणजे काय, हे मी फोनवर विचारले. अशा नोंदीच्या वस्तू जाळतात, असे सांगण्यात आले.

१०. ही पावती समोर ठेवून आम्हा बहिणींचे भांडण झाले. ते लिहिण्याची रीत नाही हे मी जाणते, परंतु माझी मागणी त्यातूनच निघाली आहे. बहिणीच्या डोक्यावर आता बोटभर केस आले आहेत. आधी सरळ होते, हे कुरळे आहेत. ती रुमाल न बांधता शाळेत जाते आणि मुले त्यांवरून हात फिरवून पाहतात. तिचे म्हणणे, सही कर आणि मिटव. मी म्हटले, तुझे केस आहेत, मी कसे जाळू देऊ. तिने स्वयंपाकघरातला दिवा लावला, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "ताई, मला नकोत ते. तुला हवेत. उद्या मी नसले तर घरात माझं काहीतरी असावं म्हणून हवेत."

 मी उठून घासलेली भांडी पुन्हा घासू लागले. तिने नळ बंद केला. तेव्हा मी म्हटले, "हो." ती बराच वेळ माझा ओला हात धरून बसली. तिचे अहवाल सध्या चांगले आहेत. पुढची तपासणी आहे, तिच्या पुढचीही आहे. डॉक्टर 'बघू' म्हणतात. त्या शब्दाने बहिणीला झोप लागते आणि मला लागत नाही. मोठी बहीण म्हणून माझी समजूत अशी होती की मी तिच्यासाठी धावते आहे. ती चुकीची होती.

११. सबब माझी विनंती पुढीलप्रमाणे आहे. धनादेश मूळ स्वरूपात परत करत आहे, पावतीवर सही केलेली नाही. वस्तूची विल्हेवाट तत्काळ थांबवण्याबाबत गोदामास लेखी कळवावे. वस्तूची नोंद स्वयंपाकाचे भांडे किंवा मानवी अवशेष अशी न ठेवता, कृपया साध्या शब्दांत 'कापलेले केस' अशी करावी. आणि आधीच्या सर्व अर्जांत 'वस्तूचा मालक' या रकान्यात मी बहिणीचे नाव भरले होते, ते खोडून तेथे माझे घालावे. बॅग ओली झाली असो, केस गुंतले असोत, बुरशी आलेली असो, मी आहे त्या स्थितीत घेईन आणि नंतर त्याबाबत दावा करणार नाही. गुंता सोडवायचा कसा ते मला येते. बॅग पाठवण्याची तसदी घेऊ नये. परत एकदा विमानात चढवू नये. मी रेल्वेने जाऊन स्वतः घेऊन येईन.

१२. मालकी बदलण्यास आधीच्या मालकाचे लेखी लागेल, हे या वर्षात मी शिकले आहे. ते बहिणीने शाळेतून आल्यावर, चपला न काढता, उभ्याउभ्याच लिहून दिले. त्यातील मजकूर असा : "कापलेले केस ताईला दिले. डोक्यावरचे माझ्याकडे राहतील." खाली तिची सही व तारीख आहे. लिहून झाल्यावर तिने विचारले, एवढे पुरेल का. मी म्हटले, ते कार्यालय सांगेल. तरी पुरेल की नाही, हे कृपया महिनाअखेरीच्या आत कळवावे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
(सही)
टोप बनवणारी, रंगपट विभाग, नाट्यगृह.

दिनांक : आपल्या पोच-शिक्क्याप्रमाणे.

सोबत :
धनादेश (मूळ) व सही न केलेली पावती.
बहिणीचा हयातीचा दाखला.
डाव्या बुटांची बॅग परत केल्याची पोच.
बहिणीने लिहून दिलेले वरील पत्र. याची प्रत जोडली आहे. मूळ माझ्याकडे ठेवले आहे आणि ते मागू नये, ही विनंती.