खड्ड्याची जागा

दादा,

काल फोनवर म्हणालास, "कारखाना बंद पडला, मालक गेला. आता कशाला जुनी मढी उकरतेस?"

उकरणारच. तू फोरमन असताना यंत्राचे भाग धुतलेलं द्रावण शेडमागच्या खड्ड्यात ओतायला लावायचास. तेच मुरत मुरत आपल्या विहिरीत उतरलं. पाणी नितळ दिसायचं, म्हणून आई शेवटपर्यंत तेच प्यायली. तिची मूत्रपिंडं कशी गेली, ते तुला सांगायला नको. खड्ड्याचा उग्र वास मलाही यायचा. मीही गप्पच बसले.

आज प्रदूषण मंडळाकडून तपासणीच्या बाई आल्या. जागोजागी बोअर मारून दमल्या होत्या, खड्डा सापडत नव्हता. मी चपला घातल्या आणि त्यांना थेट जागेवर नेलं.

"इतकं नेमकं कसं माहीत?"

"भावाला डबा द्यायला यायचे."

तुझं नावही सांगितलं.

आता तिथली माती काढतील, पाणी उपसून शुद्ध करतील. वर्षानुवर्षं चालेल म्हणे. चालू दे.

हे पत्र टाकणार नाही. टाकलं, तर माझी समजूत काढायला धावत येशील. त्यापेक्षा त्यांची नोटीस आल्यावर ये, आणि खरं सांगायला ये. जेवायला वाढीन. पाणी मात्र टँकरचं आहे.

तुझीच,
धाकटी